पदवी, हुन्नर आणि मधले दार



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या कॉलेजच्या कचेरीसमोर एक देखावा दरवर्षी हमखास दिसतो. एखादे शेतकरी गृहस्थ खिडकीपासून जरा लांब उभे असतात. हातात मुलाचे गुणपत्रक, पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले. मुलगा त्यांच्या पाठीमागे, मान खाली घालून. मी तिकडून जाऊ लागलो, की ते दोन पावले पुढे येतात आणि विचारतात, "सर, याला कुठं घालू?"

प्रश्न अवघ्या चार शब्दांचा. पण त्या चार शब्दांत त्या घरची पुढची वीस वर्षे असतात. फी भरण्यासाठी सोयाबीनचे पैसे येईपर्यंत थांबायचे, की दारची गाय विकायची, हेही त्यातच असते. तालुक्याच्या गावी एका कला महाविद्यालयात मी गेली अठरा वर्षे इतिहास शिकवतो आहे. पूर्वी या प्रश्नाला माझे उत्तर तयार असे. "घाला इथंच. तीन वर्षांत पदवीधर होईल. मग पुढचं पुढं." आता हे उत्तर माझ्या तोंडून तितक्या सहज निघत नाही. ते का निघत नाही, आणि त्याच्या जागी कोणते उत्तर द्यावे, याबद्दल आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. वर्गात तो गप्प असे. पण कॉलेजच्या विहिरीवरची मोटार बंद पडली, तेव्हा शिपायाबरोबर आत उतरला आणि तासाभरात ती चालू करून वर आला. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी कॉलेज सोडून आयटीआयला जाऊ का? वीजतंत्रीच्या ट्रेडला नंबर लागतोय." मी त्याला समजावले. म्हटले, "अरे, हाताने काम करणारे पुष्कळ आहेत. तू बी. ए. हो." त्याने माझे ऐकले. तो बी. ए. झाला, दुसऱ्या वर्गात झाला. त्यानंतर चार वर्षे पुण्यात खोली घेऊन त्याने स्पर्धा परीक्षांची पुस्तके वाचली. शेवटी गावी परत आला आणि एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली जळालेल्या मोटारी भरायला शिकला. आज त्याचे स्वतःचे छोटे दुकान आहे आणि ते बरे चालते.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानात गेलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, मोटार भरताना मी जुनी तार उलगडतो, वेढे मोजतो आणि तितकेच वेढे नव्या तारेचे घालतो. पण आधीच्यानं चुकीचे घातले असतील तर? मग मीही चुकतो. याचं काहीतरी गणित असणार. ते मला कुणी शिकवलंच नाही."

मी त्यावर काय बोलणार? आम्ही त्याला तीन वर्षे शिकवले. त्यात त्याच्या हाताचा उपयोग आम्ही केला नाही आणि त्या हाताला लागणारे गणितही दिले नाही.

तो आयटीआयला गेला असता, तर सगळे सुरळीत झाले असते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचाच एक मित्र तिकडे गेला होता. फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागला. पुढे शिकावे, निदान पदविका घ्यावी, असे त्याच्या मनात होते. वास्तविक दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला आपल्या राज्यात तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. वाट होती, पण ती कागदावर होती. त्या मुलाला ती कोणी दाखवली नाही. त्याला वाटले, आयटीआय झाले म्हणजे शिक्षण संपले.

एक मुलगा पदवीच्या खोलीत अडकला, दुसरा हुन्नराच्या खोलीत अडकला. दोन्ही खोल्या एकाच वाड्यातल्या. पण मधले दार बंद होते. हे मधले दार उघडे असणे, आणि ते कोणत्याही वयात दोन्ही बाजूंनी उघडे असणे, हाच मला उद्याच्या शिक्षणाचा मुख्य प्रश्न वाटतो.

आता कोणी म्हणेल, "मुलांना धंदेशिक्षणाला घाला म्हटले, की आईबापच नको म्हणतात, त्यांना पदवीचाच सोस आहे." हा आरोप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. आईबापांच्या या नकाराला कारण आहे, आणि ते आपल्या समाजाच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे हाताचे कसब कधीच कमी नव्हते. गावगाड्यातले सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे सगळे कसबी लोक. लोहाराच्या पोराला भट्टी कशी फुंकायची हे शाळेत जाऊन शिकावे लागत नसे. पण ते कसब त्याने निवडलेले नव्हते. ते जन्माबरोबर गळ्यात पडलेले होते. त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. लेखणी एका घरी आणि हातोडा दुसऱ्या घरी, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली. म्हणून बहुजन समाजाच्या दारात शिक्षण आले, तेव्हा पदवी ही त्यांना सुटकेची सनद वाटली. त्यात चूक काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो, असा त्यांचा रोखठोक आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे, ही त्यांची मागणी होती. आणि त्या शिक्षणात वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, असे त्यांनी सुचवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या फक्त अंगमेहनत आली होती, त्यांनी उच्च शिक्षणाच्या वरच्या पायरीपर्यंत गेले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

याच प्रश्नावर आपल्या शेजारी दक्षिणेत एक मोठे वादळ होऊन गेले आहे. १९५३ साली तेव्हाच्या मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी एक नवी योजना आणली. मुलांनी दिवसाचा थोडा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरी वडिलांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. कागदावर ती काटकसरीची आणि व्यवहाराची दिसत होती. पण लोकांनी विचारले, "म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तराच धरायचा काय?" विरोध इतका वाढला, की १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. धंदेशिक्षणाची योजना आखणाऱ्या प्रत्येकाने हा धडा लक्षात ठेवावा. "तुमच्या पोरांना हुन्नर, आमच्या पोरांना पदवी" असा वास जिथे येतो, तिथे लोक पाठ फिरवतात, आणि त्यांनी फिरवावीच. तेरा-चौदाव्या वर्षी गरिबाच्या मुलाच्या हातात पाना देऊन मागचे दार लावून घेणे, हे धंदेशिक्षण नव्हे. ती नवी बलुतेदारी होईल.

ही झाली एक बाजू. आता दुसरी पाहा.

आज आपल्या देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत ती सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. पदवीच्या मुलांपैकी सर्वांत मोठा गट कला शाखेचा होता. शंभरात सुमारे चौतीस. मी स्वतः कला शाखेचा माणूस. इतिहास, भाषा, अर्थशास्त्र यांनी माणूस शहाणा होतो, यावर माझा विश्वास आहे. नाहीतर मी अठरा वर्षे हे काम केलेच नसते. पण खरे बोलायचे तर आमच्या वर्गातली पुष्कळ मुले इतिहासाच्या ओढीने येत नाहीत. जवळचे कॉलेज हेच, फी कमी इथलीच, म्हणून येतात. पदवी हातात पडली, की शिपायाच्या जागेसाठीसुद्धा पदवीधरांची रांग लागलेली त्यांना दिसते. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" असे आपले जुने लोक म्हणत. आज हा क्रम लोकांनी उलटा केला आहे, आणि नोकरी तर वर जाऊन बसली तरी हाती लागत नाही.

शिवाय हुन्नराचे रूपही पालटत चालले आहे. आपल्याच शिवारात पाहा. बैलांच्या मोटेची जागा इंजिनाने घेतली, इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली, आणि आता कित्येक बांधांवर सौरपंप बसले आहेत. मोट दुरुस्त करणाऱ्या चांभाराचे कसब इंजिनाला चालले नाही. मोटार भरणाऱ्याचे कसब सौरपंपाच्या नियंत्रक पेटीला पुरत नाही. त्या पेटीचे माहितीपत्रक वाचावे लागते, आकडे समजावे लागतात, कुठे बिघाड असेल याचा तर्क करावा लागतो. म्हणजे ज्याला एकच काम एकदाच शिकवले, त्याचे शिक्षण दहा-पंधरा वर्षांत जुने होते. त्याला पुन्हा शिकावे लागणार. आणि पुन्हा शिकता यावे, यासाठी भाषा, गणित आणि विचार करण्याची सवय यांचा पाया लागणार. हा पाया घालणे हेच तर सर्वसाधारण शिक्षणाचे काम. तेव्हा यापुढे कारागिराला वहीवाचून चालणार नाही. आणि पदवीधरालाही, जगात प्रत्यक्ष काम कसे होते हे हाताला ठाऊक असल्यावाचून चालणार नाही.

ही जोड घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे रेखाटन शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. तरीही ते मागे हटले नाहीत. १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेखाटनाचा मास्तर आणि भट्टीवरचा लोहार एका माणसात एकत्र आले, तेव्हा तो नांगर झाला.

तेच नांगर विकत काही काळ गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय काढले, आणि तिथे "कमवा आणि शिका" ही योजना चालवली. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी आणि पदवी घ्यावी. कर्मवीरांच्या विचारात या श्रमाने केवळ फी निघावी एवढाच हेतू नव्हता. शिकलेल्या माणसाला कुदळीची लाज वाटू नये, हाही होता.

महात्मा गांधींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. उद्योग हा वेगळा तास नसावा. त्या उद्योगातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकवावा, असा मूळ विचार होता. पण पुष्कळ ठिकाणी शिक्षकाला तशी तयारी दिली गेली नाही. मग उरली ती फक्त टकळी. गणित तिच्यातून निघालेच नाही. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. ती शाळेत पोचेपर्यंत तिचे काय झाले, हे या भाषणाला बसलेल्या शिक्षकबंधूंना मी सांगायला नको. रंगीत कागदाची फुले, काडेपेटीचे घर, आणि वर्षाअखेरीस वहीवर सही! फुले बाजारातून आणलेली असली, तरी श्रेणी "अ"च.

मग हे जमणारच नाही काय? जमते, असे दाखवणारी जागा आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातले काम सोडून ते पावसाची कमतरता असलेल्या या गावात येऊन राहिले. शाळा सोडलेली, परीक्षेत नापास झालेली मुले त्यांनी हाताशी धरली. लोहकाम-बांधकाम, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य अशा चार विभागांत मुले प्रत्यक्ष काम करून शिकतात, आणि त्या कामाचा गावाला उपयोग होतो. म्हणजे मुलाने सरावासाठी जोडकाम केले, तर ते कोणाच्या तरी गोठ्याचे फाटक असते. फाटक नीट लागले नाही, तर गाईचा मालक सांगायला येतो! परीक्षक याहून चांगला कोठून आणणार? पुढे हाच अभ्यासक्रम, आठवड्यातला एक दिवस कामाला देऊन, अनेक माध्यमिक शाळांत सुरू झाला. फाटकाचे माप घेताना भूमिती येते, सळईचे वजन काढताना गुणाकार येतो, आणि गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज देताना अंकगणिताबरोबर प्रामाणिकपणाही येतो. मोटार भरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला जे गणित हवे होते, ते अशा ठिकाणी सापडते.

आता शासनाचे धोरण काय म्हणते ते थोडक्यात पाहू. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धंदेशिक्षणाला वेगळ्या, खालच्या पंगतीत न बसवता सर्वसाधारण शिक्षणाच्या पंक्तीतच घ्यायचे ठरवले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावे, अशी त्यात शिफारस आहे. उच्च शिक्षणात येणाऱ्या तरुणांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २६ च्या आसपास होते. ते २०३५ पर्यंत, धंदेशिक्षण धरून, शेकडा ५० करावे, असे उद्दिष्ट आहे.

त्याच धोरणातून "श्रेयांक" नावाची पद्धत आली. हा शब्द ऐकून बिचकू नका. दूध डेअरीचे पासबुक आपणा सर्वांना माहीत आहे. रोज किती लिटर घातले आणि फॅट किती लागली, याची त्यात नोंद होते. चार दिवस दूध घालता आले नाही, तरी आधीची नोंद पुसली जात नाही. श्रेयांकांचे तसेच आहे. २०२१ साली त्यांची पेढी स्थापण्याचे नियम झाले आणि २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. साधारण ३० तासांच्या शिकण्याला १ श्रेयांक, वर्षाचे १,२०० तास धरले तर ४० श्रेयांक. वर्गातले शिक्षण आणि कार्यशाळेतले शिक्षण, दोन्हींची नोंद एकाच पासबुकात व्हावी, अशी ही कल्पना. मुलाला मध्येच शिक्षण सोडावे लागले, तरी शिकलेले वाया जाऊ नये; पुन्हा आला, तर पुढे चालू करावे. आपल्या राज्यात कौशल्य विद्यापीठही २०२२ साली स्थापन झाले आहे. त्याला आता रतन टाटा यांचे नाव आहे. आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमातसुद्धा कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना जागा मिळाली आहे.

मधले दार उघडण्याची किल्ली यात आहे, असे मला वाटते. पण किल्ली हातात असणे निराळे आणि दार उघडणे निराळे. टकळीचे आणि कागदी फुलांचे काय झाले, हे आपण आत्ताच पाहिले. आजही तो धोका आहे. आमच्यापैकी काही जण कौशल्याचा विषयसुद्धा फळ्यावर लिहून देतो, आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. पोहणे शिकायचे, तर विहिरीत उतरायला नको काय? कुठे कुठे यंत्र येते. पण मोडेल या भीतीने त्याला कुलूप लावून ठेवतात. १९६१ पासून आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. पण उमेदवाराला काम शिकवण्याऐवजी वर्षभर माल उचलायला लावला, तर त्याला शिकाऊ म्हणणे ही थट्टाच. धोरण कितीही चांगले असो, ते शेवटी मास्तराच्या, निदेशकाच्या आणि मालकाच्या हातून उतरते.

म्हणून आपण आपापल्या जागी काय करू शकतो, याचा विचार करू.

पालकांना माझे सांगणे असे. मुलाला किंवा मुलीला कुठल्याही अभ्यासक्रमाला घालण्यापूर्वी, फीचे पैसे मोजण्यापूर्वी, तिथे जाऊन तीन प्रश्न विचारा. पहिला, या अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे? मान्यतेचा कागद पाहायला मागा. त्यात संकोच करू नका. बैल घेताना आपण दात पाहतोच की. दुसरा, आठवड्यातले किती तास माझ्या मुलाचा हात प्रत्यक्ष यंत्राला, मातीला किंवा कामाला लागेल? कार्यशाळा उघडून दाखवायला सांगा, आणि यंत्रावर धूळ आहे की तेल आहे ते पाहा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे झाल्यावर पुढे कोणते दार उघडे आहे? "पुढे काही नाही" असे उत्तर आले, तर घाई करू नका.

आणि मुलगी असेल, तर "तिला शिवणकाम बरं" असे आधीच ठरवून टाकू नका. शिवणकाम चांगलेच आहे. पण जिच्या हाताला विजेच्या कामात गती आहे, तिने सुईच का धरावी? जातीने वाटून दिलेली कामे आपण मोडायला निघालो. आता बाई-पुरुष म्हणून वाटून दिलेल्या कामांचीही तीच गत व्हायला हवी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. दहावीच्या वर्गात वर्षाकाठी दोन तास तरी पुढच्या वाटा सांगण्यासाठी राखून ठेवा. आयटीआयनंतर तंत्रनिकेतन, तिथून अभियांत्रिकी. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी. या सगळ्या वाटा फळ्यावर काढून दाखवा. मघाशी सांगितलेल्या फिटर मुलाला कोणी इतके केले असते, तर पुरे होते. दप्तराविना दहा दिवस मुलांना कारागिराकडे न्याल, तेव्हा त्या कारागिराला शाळेत "सर" म्हणून बोलवा, खुर्ची द्या. आणि मुलांकडून नुसते निरीक्षण लिहून घेऊ नका. सुताराकडे गेल्यावर, दाराच्या चौकटीचा कोपरा काटकोनात आहे हे तो कसे ताडतो, ते विचारायला लावा. तीन, चार, पाच अशी मापे घेऊन तो ते ताडतो, हे कळले, की पायथागोरस पुस्तकातून उठून गावात राहायला येईल.

राहिलो आम्ही कॉलेजातले. आमचे काम सर्वांत अवघड आहे, कारण आम्हाला आमचा अहंकार खाली ठेवायचा आहे. ज्याने मला वेढ्यांच्या गणिताबद्दल विचारले, त्या विद्यार्थ्याला मी यंदा आमच्या कॉलेजात बोलावले. भौतिकशास्त्राच्या एका सरांना शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातून विनंती करून आणले. दोघे एका जळालेल्या मोटारीपुढे बसले. सरांनी सूत्र लिहिले. मुलाने तार मोजली. सूत्रातला आकडा आणि खाचेत प्रत्यक्ष मावणारी तार यांचा मेळ बसेना. मग सरांनी त्याला विचारले, "आता तुम्ही काय करता?" तो सांगू लागला आणि सर लिहून घेऊ लागले. आमची बी. ए.ची पोरे भोवती उभी होती. इतक्या वर्षांत एवढ्या एकाग्रतेने त्यांनी माझे व्याख्यान कधी ऐकले असेल, असे मला वाटत नाही.

हा एका दुपारचा प्रसंग. याने काही शिक्षणपद्धती बदलत नाही. पण त्या दुपारी मधले दार थोडे किलकिले झाले, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांना दिसली.

येत्या जूनमध्ये पुन्हा कोणी गृहस्थ खिडकीजवळ उभे असतील आणि विचारतील, "सर, याला कुठं घालू?" मी त्यांना बाकावर बसवीन आणि आधी त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलाला विचारीन, "तुला काय करताना वेळेचं भान राहत नाही?" त्याचे उत्तर ऐकून मग तिघे मिळून वाट शोधू. ती वाट कदाचित आमच्या कॉलेजात येईल, कदाचित रस्त्यापलीकडच्या आयटीआयमध्ये जाईल. कुठेही गेली, तरी एक गोष्ट मी त्या वडिलांना बजावून सांगेन: "आज कुठंही घाला, पण उद्या याला परत शिकावंसं वाटलं, तर नाही म्हणू नका." आणि तेव्हा तो परत आला, तर आमची खिडकी उघडी असेल, एवढी जबाबदारी आमची.